गॅलरीतल्या चार खाटा

फोन मंडीच्या ऑफिसात आला तेव्हा मी कापसाच्या गाडीची चिठ्ठी लिहीत होतो. जानेवारी संपत आला होता, पांढुर्ण्याच्या मंडीत फाटकाबाहेरपर्यंत बैलगाड्या लागलेल्या, आणि बोरगावहून माझ्या थोरल्या भावाच्या मालकाचा मुलगा फोनवर ओरडून सांगत होता की विशाखा सकाळी गेली. लाईनीत खरखर होती, म्हणून त्याला ते तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी त्यानं पुढे जोडलं, "सुटली बिचारी." मी फोन ठेवला, अर्धी राहिलेली चिठ्ठी पुरी केली, गाडीवाल्याच्या हातात दिली आणि मग खुर्चीत बसून राहिलो. माझी पुतणी वीस वर्षांची होती. सुटण्याची तिला काडीइतकी घाई नव्हती. त्याच आठवड्यात तिनं मला निरोप पाठवला होता की बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा परीक्षेचा फॉर्म भरायला विसरू नका.

आमच्याकडे तेरावं नसतं. पुण्यानुमोदनाला लोक जमतात, त्रिशरण-पंचशील होतं, मग गेलेल्या माणसाबद्दल चार जण बोलतात. चारही जण सुटकेबद्दलच बोलले. किती सोसलं, बापाच्या जिवाला किती घोर होता, एका पायावर पोरीच्या जातीनं किती दिवस काढले असते... पाचवा मी उठलो. राग आला की माझी जीभ अडखळते, त्यामुळे मी काय बोललो ते कोणाला धड कळलं नसावं. दादा मान खाली घालून बसला होता. घरी आल्यावर ठरवलं की तिथं जे बोलता आलं नाही ते लिहून काढायचं. ते लिहिताना माझीही अब्रू जाणार आहे. जाऊ दे.

विशाखा दादाची एकुलती मुलगी. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ देवराव, बोरगावजवळच्या एका संत्र्याच्या बागेत कामाला आहे. कलमं बांधण्यात आणि झाडं छाटण्यात त्याचा हात धरणारा सौसर भागात कोणी नाही, असं मालक स्वतःच सांगतो. लिहिण्या-वाचण्याशी मात्र त्याचा संबंध आला नाही. घरात शिकलेला मी एकटा, म्हणजे मॅट्रिक होऊन मंडीत कारकून. खिशाला पेन लावून मी सौसरला उतरलो की विशाखा "साहेब आले, साहेब आले" म्हणून मला चिडवायची. घरात कसलाही कागद आला, तहसीलचा असो की दवाखान्याचा, की तो माझ्यासाठी राखून ठेवायचे. मी रविवारी येणार, ओट्यावर बसणार, चहा होणार आणि मग मी तो वाचून दाखवणार. मी जे सांगेन ते त्या कागदात लिहिलेलं आहे, ही आमच्या घरची रीत होती. एवढं माझं वजन होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

बारावीच्या वर्षी विशाखाचा डावा गुडघा दुखायला लागला. शाळेत ती खो-खो खेळायची, त्यामुळे पडली असेल, मुरगळला असेल असं सगळ्यांनी धरलं. मालीश झाली, पट्टा बांधून झाला. दिवाळीच्या आधी गुडघ्यावर टणक सूज आली आणि तिला जिना चढता येईना, तेव्हा सौसरच्या डॉक्टरांनी फोटो काढून नागपूरला जायला सांगितलं. आम्ही तिघं, दादा, विशाखा आणि मी, छोट्या लाईनच्या गाडीनं नागपूरला गेलो. ती गाडी इतकी हळू चालते की विशाखा म्हणाली, गुडघा बरा असता तर मी उतरून पुढच्या स्टेशनवर तुमची वाट पाहिली असती. हॉस्पिटलात हाडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ-दहा दिवसांनी परत बोलावलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला एकट्यालाच आत घेतलं. शर्टाला पेन दिसलं असेल.

हाडाचा कॅन्सर आहे, त्या म्हणाल्या. या वयातल्या मुलांना होतो तो. पाय मांडीतून काढावा लागेल, मग औषधं द्यावी लागतील, आणि उशीर करू नका. फाईल माझ्या हातात दिली. त्यातलं इंग्रजी मला पुरतं कळत नव्हतं, पण तो एक शब्द कळत होता. बाहेर बाकावर दादा आणि विशाखा माझ्या तोंडाकडे पाहत बसलेले. मी फाईल उघडली, रविवारी ओट्यावर वाचतो तशी बोट ठेवून वाचली आणि सांगितलं की हाडात पू झाला आहे. हे मी का केलं ते आजवर स्वतःशी शंभर वेळा घोळवलं आहे. दया आली म्हणावं तर तसंही नाही. तो शब्द उच्चारायला मी घाबरलो, एवढंच. डॉक्टर काय करायचं म्हणाले, हे दादानं विचारलं तेव्हा मी अर्धं खरं सांगितलं... पाय मांडीतून काढावा लागेल म्हणतात.

आता एखाद्या बापाला सांगा की पोरीच्या हाडात पू झाला आहे आणि त्यासाठी पाय कापायचा आहे. तो काय म्हणेल? दादा तेच म्हणाला. पू झाला तर चिरा देऊन काढायचा, अख्खा पाय कायले? आणि सूज गुडघ्याशी असताना हे मांडीतून कापायला निघालेत, म्हणजे यांना काही समजत नाही. नातेवाइकांनी त्यावर कळस चढवला. लंगड्या पोरीला कोण करून घेईल, हा प्रश्न तर आमच्या समाजात आधी येतो, माणूस जगेल की मरेल हा मागाहून. कोणी म्हणालं जामसांवलीच्या मारुतीला नेऊन आणा. वहिनी, विशाखाची आई, म्हणाली, पू आहे, त्याला शेक पाहिजे. मग रोज दोन वेळा एरंडाची पानं तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधायचं सुरू झालं. सहा आठवडे चाललं ते. मी दर रविवारी जात होतो, पोरीचं वाळत चाललेलं तोंड पाहत होतो, आणि फाईल मंडीतल्या माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात होती.

डिसेंबरच्या शेवटी एके दुपारी विशाखा मंडीत आली. सौसरहून बसनं एकटी आली होती, बसस्टँडवरून मंडीपर्यंत पाय ओढत. गाडीवाल्यांमधून वाट काढत ती माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि फाईल मागितली. मी म्हटलं किल्ली घरी राहिली. ती म्हणाली, "काकाजी, पू असता तं ताप आला असता. मी बायलॉजी शिकून राह्यली. ड्रॉवर उघडा." माझ्या शेजारचा कारकून पाहत होता. मी किल्ली काढली. तिनं फाईल तिथंच, कापसाच्या चिठ्ठ्यांवर उघडली आणि एक-एक अक्षर जोडत तो लांब शब्द वाचला. त्याचा अर्थ तिनं विचारला. मी सांगितला. त्या दुपारी तो शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो.

ती रडली नाही. कधीपासून माहीत आहे, असं विचारलं. मी म्हटलं, दिवाळीपासून. तिनं बोटांवर आठवडे मोजले. मग म्हणाली, "सहा हप्ते तुमी मले शेकवलं, काकाजी." एवढंच म्हणाली. मला कोणी चपलेनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानंतर तिनं पाणी मागितलं, पाणी पिऊन फाईल काखेत मारली आणि मला म्हणाली की चला, बाबाले सांगाचं हाय. मी अर्धी सुटी टाकून तिच्यामागे निघालो.

दादा बागेत होता. अंबिया बहाराची तोड नुकती झाली होती आणि तो सल काढत होता. संत्र्याची तोड झाली की झाडावरच्या वाळलेल्या काड्या, फांद्या कापून टाकतात, त्याला आमच्याकडे सल काढणं म्हणतात. विशाखा एका झाडाखाली बसली, आणि मला वाटलं आता ही बापाला कसं सांगणार. तिनं सरळ सांगितलं. पू नाही, कॅन्सर आहे, काकाजींनी तुम्हाला खोटं सांगितलं. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. आरी त्याच्या हातातच होती. मग त्यानं जे सहा आठवडे विचारलं होतं तेच पुन्हा विचारलं, फक्त आता आवाज वेगळा होता. गाठ गुडघ्यापाशी हाय, मग वरून काहून कापतात?

विशाखानं डोक्यावरच्या फांदीकडे बोट केलं. शेंडा वाळलेला, मागं हिरवी. "हे सल तुमी कुठून काढान, बाबा?"

दादा म्हणाला, हिरव्यातून. वाळलं तिथंच कापलं तर वाळणं मागं सरकत येतं. एक-दोन बोटं जित्या लाकडातून काप घ्यावा लागतो, हे त्यानं मालकाच्या पोराला शंभरदा शिकवलं असेल. बोलता बोलता तो थांबला. तिनं पुढे काही समजावलं नाही. त्यानं ती फांदी कापलीच नाही त्या दिवशी, आरी खाली ठेवली, तिच्याजवळ बसला आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून लहान पोरासारखा रडला. ज्या माणसाला मी सहा आठवडे अडाणी समजत होतो त्याला खरी गोष्ट कळायला विडी ओढायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. खरं सांगितलं पाहिजे होतं, इतकंच.

हॉस्पिटलात कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा कारकुनानं सवयीनं विचारलं, बाप कुठे आहे? मुलीच्या कागदावर बापाची नाहीतर नवऱ्याची सही, हे त्याला इतकं पक्कं ठाऊक होतं की त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विशाखानं पिशवीतून शाळेचा दाखला काढला. ती अठरा पुरी होऊन तीन महिने झाले होते, आणि हा दाखला तिनं सौसरच्या शाळेतून आदल्याच दिवशी आणला होता, आम्हाला कोणालाही न सांगता. "पाय माहा हाय. सही मीच करीन." कारकून म्हणाला, असं नसतं. डॉक्टरीणबाई मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, असंच असतं, आपणच करत नाही. विशाखानं पूर्ण नाव लिहून सही केली, ठळक, फाटेल इतकं पेन दाबून. त्याखाली साक्षीदार म्हणून दादाचा अंगठा. परतताना दादा मला म्हणाला की आजवर इतके अंगठे लावले, पण कशावर लावून राहिलो हे मले पहिल्यांदा माहीत होतं.

पाय गेला. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही, ते तिचे होते. त्यानंतर औषधांचे कोर्स सुरू झाले, आणि तिथं दुसरी लढाई लागली. तिला बायकांच्या वॉर्डात ठेवलं होतं. आजूबाजूला सगळ्या पन्नाशी-साठीच्या बाया, तोंडाच्या नाहीतर पिशवीच्या कॅन्सरच्या. वाईट कोणीच नव्हतं, पण लाल औषधाची बाटली लावून विशाखा ओकत असायची आणि त्यांचं चाललेलं असायचं, अगंबाई, लग्न व्हायचं होतं का गं, देवानं काय हे केलं. रोज, प्रत्येक भेटायला येणाऱ्यापाशी, पहिल्यापासून. दुसऱ्या बाजूला लहान मुलांचा वॉर्ड. तिथं काटोलकडची पंधरा वर्षांची कुंदा होती. तिचे पाय पाळण्यासारख्या खाटेच्या गजांतून बाहेर यायचे आणि सिस्टर तिला सुई टोचताना चिऊ-काऊ दाखवायच्या. कुंदा लाजेनं भिंतीकडे तोंड करून पडायची. तिला काय झालं आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला ते कळलेलं नसतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

विशाखानं कुबड्या घेतल्या, डॉक्टरीणबाईंच्या खोलीपर्यंत गेली आणि त्यांना म्हणाली की आमच्यासाठी वेगळी जागा पाहिजे. "तिकडे पाय मावत नाई, अन् इकडे जीव मावत नाई." बाई म्हणाल्या, हॉस्पिटलात जागा कुठे आहे? विशाखानं ती आधीच पाहून ठेवली होती. बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला एक गॅलरी होती, मोडक्या खाटा आणि फरशी पुसायच्या बादल्या ठेवायची. बाई म्हणाल्या, वरून परवानगी घ्यावी लागेल, वेळ लागेल. परवानगीची वाट पाहायला लागणारा वेळ विशाखाजवळ नव्हता. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर ती गॅलरीत जमिनीवर बसून उरलेल्या पायानं एक खाट भिंतीकडे रेटत होती. कुंदा बादल्या बाहेर नेत होती. सिस्टर दारात उभ्या राहून रागावत होत्या, आणि थोड्या वेळानं त्यांनीच खाटेचं दुसरं टोक धरलं.

चार खाटा मावल्या. तेरा-चौदापासून बावीस-तेवीसपर्यंतच्या मुली तिथं राहायच्या. दुपारी पुरुषांच्या वॉर्डातली त्याच वयाची मुलंही कॅरम खेळायला येऊन बसायची, ज्याला बसता येईल तो. हे तिकडच्या बायकांना फारसं रुचलं नाही. पण डॉक्टरीणबाई स्वतःच एकदा येऊन क्वीन घेऊन गेल्या, मग तोंडं बंद झाली. गॅलरीत विशाखाचं राज्य होतं आणि तिथले नियम ती नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवायची. इथं लग्नाची गोष्ट काढायची नाही. भेटायला येणाऱ्यानं रडायचं नाही, रडायचं असेल तर ते आम्ही रडू. आणि आजाराचं नाव घ्यायचं. ज्या मुलीला ते माहीत नसेल तिनं विचारलं तर गॅलरीतलं कोणीतरी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणायचं आणि बाईंनी तिच्यासमोर, तिच्याच तोंडाकडे पाहून सांगायचं. कुंदाला तसंच सांगितलं. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं केस गळायच्या आधीच कापून मागितले आणि वेणी घरी आईकडे पाठवली. कुंदा त्या पावसाळ्यात गेली. गॅलरीनं कोणाला वाचवलं असा माझा दावा नाही. तिथं मुली स्वतःच्या नावानं आजारी होत्या, हे मी पाहिलं आहे.

दोन कोर्सांच्या मधल्या दिवसांत विशाखा पांढुर्ण्याला माझ्याकडे राहायची. मोठ्या लाईनवर असल्यामुळे इथून नागपूर सोपं. डोक्यावर एक केस नाही, परकराखाली एक पाय नाही, आणि ती बाजारात रुमाल न बांधता फिरायची. मी एकदा रुमाल घे म्हटलं तर म्हणाली की तुमाले लाज वाटत असन तं तुमीच बांधा. पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी एक परका माणूस सहज विचारता झाला, गोटमारीत पाय गेला का हो बाई? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात नदीतला झेंडा काढण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडफेक होते, त्यामुळे तसा प्रश्न पडणं साहजिक आहे. विशाखा गंभीर तोंडानं म्हणाली, हो, झेंडा मीच काढला. तो माणूस हात जोडून गेला. दुसऱ्या एका वेळी सौसरच्या बसमध्ये एका बाईनं आपलं मूल तिच्याजवळून उचलून पलीकडे बसवलं. माझ्या मुठी वळल्या. विशाखा त्या बाईला शांतपणे म्हणाली, "लागट नाई, बाई. लागट असतं तं हे काकाजी कधीचे गेले असते, माह्याच ताटातलं खाऊन राह्यले." आख्खी बस हसली. पुढच्या थांब्यावर ते मूल तिच्या मांडीवर होतं, राहिलेल्या मांडीवर.

पुढच्या मार्चात तिनं बारावी दिली आणि जुलैत पांढुर्ण्याच्या कॉलेजात नाव घातलं. केस परत आले होते, थोडे कुरळे. त्या सहा महिन्यांत मला वाटायला लागलं होतं की माझ्या हातून झालेलं निस्तरलं गेलं. नोव्हेंबरात तिला खोकला सुरू झाला. छातीचा फोटो काढला आणि डॉक्टरीणबाईंनी तो प्रकाशात धरला, तेव्हा विशाखा त्यांच्या शेजारीच उभी होती. बाईंनी तिला दाखवलं, हे पाहा, इथे आणि इथे. बाहेर आल्यावर मी बाईंना एकट्यानं गाठून विचारलंच... ते सहा आठवडे वाया गेले नसते तर? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, तेव्हा तपासणीत न दिसणारं आधीच पसरलेलं असू शकतं. त्यांनी मला सोडून दिलं होतं, मला कळलं. मी स्वतःला सोडत नाही. विशाखाला मी काय विचारून आलो हे न सांगताच कळलं असावं. गाडीत ती म्हणाली, "मी तुमाले माफ नाई केलं, काकाजी. पण तुमी मले लागता." त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याबद्दलही मी तिचा ऋणी आहे. एवढं खरं माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं.

शेवटचा महिना ती बोरगावला, दादाच्या घरी होती. नागपूरला नेऊ का विचारलं तर म्हणाली, नको, खाट अडून राहते, दुसरीले लागन. श्वास पुरत नव्हता तरी माणसं आली की उठून बसायची. कोणी "देवाची मर्जी" म्हटलं की तोंड फिरवायची. दादा रोज सकाळी तिला उचलून बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन बसवायचा आणि ती त्याला कोणत्या झाडाचं काय चुकलं ते सांगायची, त्यातलं निम्मं चूक असायचं आणि दादा मान डोलवायचा. गेली त्या सकाळीही तो तिला न्यायलाच आत आला होता. ती लढत गेली, थकून गेली, तिला अजून पाहिजे होतं आणि ते मिळालं नाही. याला सुटका म्हणणाऱ्यांनी ते मला सांगू नये.

मागच्या गुरुवारी तिच्या कुबड्या घेऊन मी नागपूरला गेलो. दादा म्हणाला होता, घरी ठेवून काय करू, कोणाच्या तरी उंचीच्या असतील. गॅलरीत चारही खाटा भरलेल्या होत्या. कॅरम चालू होता. भिंतीकडच्या खाटेवर नवी मुलगी होती, सोळा-सतरा वर्षांची, दोन वेण्या, वरूडकडची. ती फरशीकडे पाहत बसली होती. तिचा मामा माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहून उठला, मला दाराशी घेऊन गेला आणि फाईल पुढे केली. काय लिवलं हाय ते वाचून सांगा, म्हणाला, अन् पोरीले कळू देऊ नका, तिले मी साधी गाठ हाय म्हणून सांगतलं. मी फाईल उघडली. तोच लांब शब्द होता.

मी त्याला माझी गोष्ट सांगितली. फार वेळ लागला नाही, पू, एरंडाची पानं, सहा आठवडे. तो ऐकून भिंतीला टेकला. त्यानं टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाला, "मले नाई जमणार, भाऊ. तुमीच सांगा." मी म्हटलं, आधी बाईंना बोलावू, तशी इथली रीत आहे. खेळणाऱ्यांपैकी एक मुलगी न सांगताच उठून बोलवायला गेली. पण त्या वेण्यांवाल्या मुलीनं आम्हा दोघांची तोंडं पाहिली होती. ती मामाला सोडून माझ्याकडे वळली. तिनं मला विचारलं, त्या कागदात काय लिहिलं आहे?

बाई जिन्यावर होत्या, त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. मी खाटेच्या कडेला बसलो, फाईल तिला दिसेल अशी मधे धरली, शब्दाखाली बोट ठेवलं आणि जे लिहिलं होतं तेच वाचलं.